फालेहसाठी कोणी रडायचं

मुलगी मी मागितलीच नव्हती, असं मी पुष्कळ जणींना सांगितलं. खोटं सांगितलं. मागितली होती. छाती पिटत, केस मोकळे सोडून, चाळीस बायकांच्या देखत मागितली होती, आणि बोरूच्या कुडापलीकडे बसलेल्या आमच्या पुरुषांनी ते शब्दन् शब्द ऐकलं होतं.

आणि मी कोण? नऊ वर्षं दारोदार फिरून 'रक्ताच्या बदल्यात मुली देऊ नका' म्हणून घसा कोरडा करणारी बाई. हसा, हसा. वस्तीही हसलीच.

माझं नाव वबरिया, पण त्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नाही. मी फालेहची आई. सगळे तसंच म्हणतात, अजूनही म्हणतात.

चौदा वर्षांची होते तेव्हा माझ्या भावानं, लफ्तानं, या घरच्या फालेहला गोळी घातली. हो, फालेहलाच. नीट ऐका, म्हणजे गोंधळ होणार नाही. हा पहिला फालेह म्हणजे माझ्या नवऱ्याचा थोरला भाऊ. कोणाच्या म्हशी कोणाच्या चाऱ्यात शिरल्या, त्यावरून झालं. मग दोन्हीकडचे जाणते बसले, कॉफी प्याले, आणि रक्ताच्या भरपाईत मला देऊन टाकलं. अशा मुलीला आमच्याकडे फसलिया म्हणतात. ढोल नाही, मेंदी नाही, नवी चप्पलसुद्धा नाही. मंगळवारी सकाळी होडीत बसवलं, दुपारी इथे उतरवलं. सासू काठावर उभी होती. म्हणाली, "तुझ्या भावानं माझा मुलगा नेला. तू मला मुलगा दे, मग खुशाल मर."

दिला. पहिला मुलगा झाला आणि सासूनं त्याचं नाव ठेवलं फालेह. माझ्या भावानं मारलेल्या माणसाचं नाव घेऊन मी माझ्या तान्ह्या बाळाला बोलवायची. सुरुवातीला जीभ अडखळायची. मग तो हसायला लागला, रांगायला लागला, हाक मारली की वळून बघायला लागला, आणि ते नाव माझं झालं. दुसरा फालेह कधी होता हेच मी विसरले.

सासू गेली, पुढे नवराही गेला, तोवर माझं तोंड सुटलं होतं. शेजारच्या वस्तीत एका तेरा वर्षांच्या पोरीला असंच द्यायचं ठरलं, तेव्हा मी आणि फख्रिया, आम्ही दोघी जाऊन त्या घराच्या दारात आडव्या बसलो. फख्रिया बाजारात मासे विकते. तिच्या आवाजापुढे भोंगा फिका. तीन दिवस बसलो. पुरुष ओलांडून कसे जाणार? चौथ्या दिवशी त्यांनी मुलीऐवजी म्हशी द्यायचं कबूल केलं. मग आमच्या सहा जणी झाल्या. एकदा तर कालव्याच्या दोन काठांवर बंदुका लागल्या होत्या, तेव्हा आम्ही सहाही जणींनी डोक्यावरची काळी वस्त्रं काढली आणि मधल्या बांधावर अंथरली. बाईच्या डोक्यावरचं वस्त्र ओलांडून गोळी मारणारा पुरुष आमच्याकडे पुन्हा तोंड दाखवू शकत नाही. शिव्या देत का होईना, गेले सगळे घरी. नऊ वर्षांत दोन मुली परत आणल्या. दोनच. पण आणल्या.

हे सगळं मी का सांगतेय? म्हणजे पुढचं ऐकाल तेव्हा तुम्हाला कळेल, मी किती खाली पडले.

गेल्या उन्हाळ्यात नदीतच पाणी नव्हतं, तर कालव्यात कुठून येणार? पंप एक दिवस आमचा, एक दिवस कालव्यापलीकडच्या वस्तीचा, असं ठरलेलं. बुधवार आमचा. बुधवारी सकाळी पलीकडच्या नजीबाचा मुलगा, वहीद, पंपावर आला. म्हणाला, काल वीज नव्हती, आमची पाळी वाया गेली, आज अर्धा दिवस आम्हाला द्या. खरं बोलत होता पोरगा. वीज नव्हतीच. फालेह म्हणाला, "मग वीजवाल्यांकडे जाऊन रड." एवढंच. एवढ्यावरून वहीदनं त्याला गोळी घातली. माझा बावीस वर्षांचा, तो एकोणीसचा. लहानपणी एकाच होडीतून शाळेत जायचे मेले.

आणि मी कुठे होते त्या वेळी? दोन कोसांवर, दुसऱ्याच कोणाचं भांडण मिटवत बसले होते. तिथल्या बायकांनी मला ताक दिलं होतं. ते मी पीत होते.

आमच्याकडे तीन दिवस बायका गोल करून उभ्या राहतात आणि शोक म्हणतात. आई पहिली ओळ म्हणते, बाकीच्या ती उचलतात. आईनं तोंड उघडल्याशिवाय दुसरी कोणी उघडत नाही. माझी आई या कामात नावाजलेली होती; तिचे शोक ऐकून दगडसुद्धा उठून बंदूक घेईल असं लोक म्हणायचे, आणि ती तारीफ असायची. मी तिच्याच मांडीवर बसून शिकले. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या तोंडून काय बाहेर पडलं ते माझं नव्हतं, असं म्हणायची मला फार इच्छा आहे. पण ते माझंच होतं:

भाऊ त्याचा जेवतो गं, घास गोड लागतो का रे?
मारणारा श्वास घेतो, झोप तुला लागते का रे?
त्यांच्या अंगणातली लेक माझ्या दारी आणा,
माझा फालेह गेला, तिच्या कुशीतून आणा.

बायकांनी ओळ उचलली. चाळीस जणींनी. मला बरं वाटलं, खरंच सांगते. तीन दिवसांत पहिल्यांदाच छातीवरचं ओझं हललं. कुडापलीकडे माझा दीर मिझबान बसला होता, आणि त्याच्या शेजारी माझा धाकटा, नईम, सतरा वर्षांचा.

दुसऱ्याच दिवशी सरपंचकी करणारे हाजी शनावा मध्ये पडले. दोन्ही काठांनी मानलेला म्हातारा तो. महिनाभर कोणी हत्यार उचलायचं नाही असं ठरलं. वहीदला त्याच्या लोकांनी कुठेतरी दूर पोचवला. महिना संपायच्या आत बैठक बसवून रक्ताचा निकाल लावायचा. बैठकीचं मला कोणी काही सांगितलं नाही. बायकांना सांगतात कुठे?

सांगितलं फख्रियानं. एका सकाळी मी तंदुराला रोट्या लावत होते, तशी ती माशांची टोपली डोक्यावर घेऊन आली, टोपली धपकन खाली ठेवली आणि म्हणाली, "सून येतेय म्हणे तुझ्या घरी. मुबारक."

"काय बडबडतेस?"

"मी बडबडतेय? मिझबाननं मुलगी मागितलीय. वहीदची बहीण. मदीहा. पंधरा वर्षांची. तुझ्या नईमसाठी. पलीकडचे हो म्हणालेत. करतील काय, खून त्यांच्या पोरानं केलाय."

माझ्या हातातली रोटी तंदुरात पडली. "मिझबानच्या तोंडाला आग लागो. मी त्याला..."

"थांब," फख्रिया म्हणाली. "त्याला काय करशील? तो म्हणतो, माझं काही नाही, पोराच्या आईनं शोकात मागितली, मी आईचा शब्द राखतोय. आणि खोटं काय त्यात? मी तिथेच होते ना. मीही ती ओळ उचलली होती, तोंड जळो माझं."

मी खाली बसले. फख्रिया माझ्या तोंडाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांची मैत्रीण. तिला माझं तोंड वाचता येतं.

"या अल्ला," ती हळूच म्हणाली. "तुला हवीय ती."

"मी तिला लेकीसारखी ठेवीन, फख्रिया. हात लावू देणार नाही कोणाला. शिळं खाऊ घालणार नाही. नईम चांगला आहे गं. तिला मुलगा झाला तर... आपण त्याचं नाव..."

"म्हण की. नाव म्हण."

मी तंदुरात पडलेली रोटी काढायला लागले.

"तुझ्या सासूनं दुसरं काय मागितलं होतं?" फख्रिया म्हणाली, टोपली उचलली आणि गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

ते दोन दिवस मी स्वतःशी काय काय बोलले, ते कोणाला सांगणार नाही. एवढंच सांगते, की मी पेटी उघडून फालेहचं लहानपणचं झबलं काढलं, हुंगलं, आणि पुन्हा घडी करून वरच ठेवलं, हाताशी येईल असं. लाज वाटत नव्हती. हवं होतं मला. माझं घेतलं होतं त्यांनी, मला परत हवं होतं.

नईमला विचारलं. तो बंदूक पुसत बसला होता. महिन्याची मुदत चालू होती, तरी पुसत होता.

"मला ती मुलगी नकोय," तो म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. "मग सांग ना काकाला तसं."

"मुलगी नको म्हणजे वहीद हवा. दोन्हीतलं एक. तूच म्हणालीस ना, घास गोड लागतो का? नाही लागत, आई. तू म्हटल्यापासून नाही लागत. रोज जेवायला बसलो की तुझा आवाज येतो कानात."

सतरा वर्षांचा. मिशीसुद्धा धड फुटलेली नाही. आणि माझी ओळ मला ऐकवत होता. त्याला मी दूध पाजलं, आणि हेही मीच पाजलं. मी तिथून उठले, तोंड धुतलं आणि अबाया अंगावर घेऊन कालव्याकडे निघाले. वाटेत फख्रियाच्या दारावर हात मारला. "चल," म्हटलं. तिनं विचारलंही नाही कुठे.

पलीकडे नजीबाच्या अंगणात आम्ही पाय ठेवला, तशा तिथल्या बायका भिंतीला चिकटल्या. मारणाऱ्याच्या घरात मेलेल्याची आई येत नाही. असं कधी झालेलंच नाही. नजीबा आत पळाली. अंगणात एकटी पोरगी उरली, तंदुरापाशी. हडकुळी, कोपरापर्यंत पीठ. ती पळाली नाही. रोटी काढली, बोट भाजलं, बोट तोंडात घातलं.

"तू मदीहा?"

"हो, खाला." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुमच्याकडे म्हशी किती आहेत?"

"सात."

"मला काळ्या म्हशीची भीती वाटते. पण शिकेन. चुलतीकडे जाऊन धार काढायला शिकतेय मी." हातावरचं पीठ झटकलं. "ढोल वाजणार नाही, माहीत आहे मला. मेंदी मी माझीच लावली तर चालेल? थोडी?"

फख्रिया दुसरीकडे बघायला लागली.

पोरगी जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "एक विचारू? मारणार कोण मला? तुम्ही की ते? आई म्हणते, आधी माहीत असलेलं बरं."

शिवी नव्हती. टोमणा नव्हता. आपल्या कामाची चौकशी करावी तशी करत होती. मी चौदाची असताना हे विचारायची मला अक्कल नव्हती, नाहीतर मीही हेच विचारलं असतं. आणि माझ्या सासूनं खरं उत्तर दिलं असतं. मी? मी काय उत्तर दिलं असतं? त्या दोन दिवसांत मी ठरवलं होतं की हात लावणार नाही. पण तिचं नाक वहीदसारखं आहे. रोज सकाळी ते नाक समोर आलं असतं, आणि एखाद्या दिवशी दूध उतू गेलं असतं, एखाद्या दिवशी रोटी करपली असती. माझा हात मला ठाऊक आहे.

"कोणी मारणार नाही," मी म्हटलं. "तू येतच नाहीयेस."

आतून नजीबा दारात आली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तिचा मुलगा जिवंत होता, याबद्दल मला तिचा गळा धरावासा वाटत होता. मी म्हटलं, "बैठकीच्या दिवशी तुझ्या बाजूच्या बायका घेऊन ये. मुदीफच्या दाराशी."

मुदीफ म्हणजे हाजी शनावांची बोरूची मोठी बैठक. पुरुषांची. मी त्या वस्तीत पंचवीस वर्षं काढली, तिच्या दाराचा उंबरा पाहिलेला नव्हता. बैठकीच्या दिवशी आमच्या सहा जणी आणि त्यांच्या पाच, दारापर्यंत गेलो. तिथे पाचांपैकी दोघी थिजल्या. फख्रियानं मागून ढोसलं, "चला गं बायांनो, आत वाघ नाही, आपलेच नवरे आहेत."

आत गेलो. मिझबान अर्धा उठला. "हे काय? वहिनी, घरी जा."

"बस रे तू," हाजी शनावा म्हणाले. डोळ्यांनी अधू झालेत, पण कान शाबूत. "कोण आलंय?"

"फालेहची आई."

त्यांनी खूण केली. कॉफीवाल्यानं माझ्यासमोर कॉफीचा कप ठेवला. मी तो तसाच जमिनीवर राहू दिला. मागणं असलेला माणूस मागणं मान्य होईतो कॉफी प्यायचा नाही, ही पुरुषांची चाल. बाईनं ते केलेलं कोणी पाहिलं नव्हतं. कुजबुज सुरू झाली.

"काय मागणं आहे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मुलगी नको."

मिझबान ओरडला, "तुझ्याच तोंडानं मागितलीस! चाळीस बायकांनी ऐकलंय!"

"मागितली," मी म्हटलं. "तेव्हा मागितली. परवापर्यंत मागत होते. हाजी, मी इथे खोटं बोलणार नाही. मला ती हवी होती. आजही, या घटकेला, मला माझ्या फालेहच्या नावाचं मूल मांडीवर हवंय. पण मी स्वतः तशीच आलेली आहे या घरात. माझ्या सासूनं मला माणूस म्हणून नाही, भोक बुजवायचा चिखल म्हणून आणून बसवलं. मी तसं करायला निघाले होते. नको मला. शब्द मागे घेते."

"आईचा शोक मागे घेता येतो?" पलीकडचा एक म्हातारा पुटपुटला. कोणालाच माहीत नव्हतं. कोणी घेतलाच नव्हता कधी.

 कप थंड होत होता. हाजी शनावा म्हणाले, "मुलगी सोडतेस, ठीक. पण मुलगी सोडली की रक्त उघडं पडतं. तुझ्या धाकट्याच्या हाताची हमी कोण देणार?"

सगळे नईमकडे बघायला लागले. तो खांबाला टेकून उभा होता.

"नईम," मी म्हटलं, "सगळ्यांच्या देखत सांग. समेटाची गाठ बांधताना हात लावशील?"

 "तू बोलवत राहिलीस तर मी कसा थांबणार?" तो म्हणाला. "तू शोक म्हणालीस की मला जावंच लागेल. नाही गेलो तर मी कोण? चाळिसाव्याला पुन्हा म्हणशील. वर्षाला म्हणशील. दर ईदला म्हणशील."

"नाही म्हणणार."

"काय नाही म्हणणार?"

"शोक. फालेहचा. चाळिसाव्यालाही नाही, वर्षालाही नाही. माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही."

मिझबान हसला. "बाई आणि शोकाविना!"

"हसू नकोस," हाजी शनावा म्हणाले. मग माझ्या दिशेनं तोंड करून, "पोरी, विचार कर. मुलाचा शोक आईचा हक्क आहे. तो मी तुझ्याकडून मागत नाही."

"तुम्ही नाही मागत. मीच देतेय."

नईम खांबापासून सुटला. चालत आला आणि पांढऱ्या कापडाच्या गाठीवर हात ठेवला; तिला हात लावला की सूड सोडला, अशी आमची रीत.  वहीदनं सात वर्षं या मुलखात पाऊल टाकायचं नाही, भरपाई मुलीविना, असं ठरलं. किती ठरली ती पुरुषांनी ठरवली, मी विचारली नाही. हाजी शनावा म्हणाले, "पी आता." मी कॉफी प्याले. गार झाली होती.

बाहेर आल्यावर फख्रिया माझ्यावर फणकारली. "मुलगी सोडवलीस आणि स्वतःचं तोंड शिवून आलीस! उद्या हे सगळ्या बायकांना सांगतील, फालेहची आई गप्प राहिली, तुम्हाला काय झालं? शहाणी आहेस की वेडी?"

"दुसरं काय होतं माझ्याकडे द्यायला?"

 रस्ताभर ती स्वतःशीच बडबडत राहिली, आणि घराजवळ आल्यावर रडायला लागली.

मदीहा तिच्या घरी राहिली. शाळेत गेली का, विचारू नका, नाही गेली. पण स्वतःच्या घरी राहिली, आणि काळ्या म्हशींना घाबरायची तिला मुभा आहे.

बोलणं सोपं असतं. पहिल्या आठवड्यात कळलं मला. तंदुराला बसले की ओळ यायची. म्हशींना पाण्यावर नेलं की ओळ यायची. आईनं शिकवलेल्या सगळ्या चाली जिभेवर यायच्या, आणि मी ओठ दाबून धरायची. नईम समोर जेवायला बसायचा, माझ्या तोंडाकडे बघत घास घ्यायचा. मी हसायची. एकदा तो म्हणाला, "आज रोटी चांगली झालीय." त्या दिवशी मी मागच्या बोरूत जाऊन तोंडात कापड कोंबून बसले.

चाळिसावा दिवस आला. सकाळी आमच्या बायका जमल्या, अंगणात गोल केला, केस सोडले, आणि थांबल्या. माझ्या तोंडाकडे बघत. आईनं सुरू केल्याशिवाय कोण करणार? एक म्हातारी म्हणाली, "फालेहची आई, म्हण ना गं. पोरगं वाट बघत असेल." मी मान हलवली. फख्रियानं तोंड उघडलं, पण तिच्या घशातून काही निघेना. कोंबडी ओरडत होती तेवढाच आवाज. माझ्या मुलाच्या चाळिसाव्याला असं मुकं अंगण. नईम दाराच्या चौकटीत उभा होता, खांदे ताठ.

तेवढ्यात बांधावरून बायका येताना दिसल्या. पलीकडच्या. पुढे नजीबा. गाठ बांधली गेली होती, त्यामुळे त्यांना येता येत होतं, पण येतील असं कोणाला वाटलं नव्हतं. मला तर नको होत्या. नजीबा आली, कोणाची परवानगी न घेता गोलात शिरली, डोक्यावरचं वस्त्र मागे टाकलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मातीकडे बघून तिनं सुरू केलं:

होडीत पुढे बसायचा गं, पाण्यात हात सोडून,
दप्तर भिजवून यायचा गं, खोटं कारण जोडून.
माझ्या तंदुरावरची रोटी पळवायचा गं, ऊन ऊन,
फुंकर घालत पळायचा गं, मागे हसून हसून.

हे मला माहीतच नव्हतं. शाळेतून येताना तो नजीबाच्या अंगणात थांबायचा, हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. घरी येऊन भूक नाही म्हणायचा. मी त्याला रागवायची, नजर लागली म्हणून मीठ ओवाळायची. पोट भरलेलं होतं लबाडाचं.

बायकांनी ओळ उचलली. आमच्या, त्यांच्या, सगळ्यांनी. मला वाटलं उठावं आणि त्या बाईची जीभ उपटून काढावी. तिच्या पोरानं मारला, आणि त्याच्यासाठी रडायची ती? माझ्या अंगणात? आणि मला वाटत होतं, तिनं थांबू नये. तिचा आवाज चांगला होता, मेलीचा. छाती पिटताना ती खोटं पिटत नव्हती. कोणाकडे बघून तिला तिचा वहीद आठवत असेल, कोण जाणे; सात वर्षं तिलाही त्याचं तोंड दिसणार नव्हतं.

मी नईमकडे पाहिलं. तो प्रत्येक ओळ कान देऊन ऐकत होता. त्याला बोलावणारी ओळ कधी येते याची वाट बघत होता. ती आली नाही. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. मग तो चौकटीतच खाली बसला आणि गुडघ्यात तोंड घालून, चाळीस दिवसांत पहिल्यांदा, भाऊ गेला म्हणून रडला.

नजीबाचा घसा बसला तशी ती थांबली.  सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, मी काय करते ते. मी उठले, माठातून पाणी काढलं, तिच्या हातात पेला दिला. ती पाणी प्याली. पिताना तिचे दात पेल्यावर वाजत होते.

"त्याचं लहानपणचं आणखी काही असेल," मी म्हटलं, "तर तेही म्हण."